‘बलोनी’ म्हणजे ‘बोलणी’? कंट्रोल नसलेल्या एका पुस्तकाबद्दल

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेल्या ज्युनिअर मंडळींकडून एक वाक्य मला हमखास ऐकायला मिळतं : “ताई, माझ्या मुद्द्याला उदाहरणं भरपूर आहेत.” त्यावर माझं उत्तर ठरलेलं असतं. उदाहरणं भरपूर असणं म्हणजे पुरावा असणं नव्हे. पण हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. म्हणून आज एका पुस्तकाची चिकित्सा करू. पुस्तक आपल्या सायन्सच्या विषयातलं नाही, शब्दांच्या व्युत्पत्तीबद्दल आहे, आणि मुद्दाम तसंच निवडलंय. आपल्या विषयातली चूक दिसायला वेळ लागतो, दुसऱ्याच्या विषयातली लगेच दिसते. ती एकदा दिसली की मग आपल्या वहीतही शोधता येते.

पुस्तक आहे डॅनियल कॅसिडी यांचं ‘हाउ द आयरिश इन्व्हेंटेड स्लँग’. २००७ साली आलं, त्याच वर्षी त्याला अमेरिकन बुक अवॉर्डही मिळालं. पुस्तकाचा दावा असा : अमेरिकन इंग्रजीतल्या ज्या बोलभाषेतल्या शब्दांपुढे शब्दकोशवाले ‘मूळ अज्ञात’ किंवा ‘मूळ संदिग्ध’ असं लिहून मोकळे होतात, त्यातले शेकडो शब्द मुळात आयरिश भाषेतले आहेत. ‘जॅझ’ आला आयरिश ‘त्यास’वरून, म्हणजे उष्णता. ‘बलोनी’, म्हणजे निव्वळ बकवास, आला ‘बेल ओना’वरून, म्हणजे खुळं तोंड. ‘पोकर’ हा पत्त्यांचा खेळ ‘पोका’वरून, म्हणजे खिसा. ‘स्कॅम’ आला ‘वाकडं आहे ते’ अशा अर्थाच्या एका छोट्या आयरिश वाक्यावरून. ‘डिग’, म्हणजे उमगणं, आला ‘तिग’वरून, म्हणजे समजणं. अशी पानंच्या पानं.

पहिल्या वाचनात मी पूर्ण विरघळले होते, हे कबूल करते. कारण पुस्तकामागचा प्रश्न खरा आहे. आयर्लंडमध्ये १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि साधारण तेवढीच देश सोडून गेली. अमेरिकेत गेलेल्या या लोकांपैकी कितीतरी जण आयरिश बोलणारे होते. बंदरांत, रेल्वेच्या कामावर, गुत्त्यांत, पोलिसात, राजकारणात, सगळीकडे ते होते. मग त्यांच्या भाषेतले शब्द अमेरिकन इंग्रजीत इतके कमी कसे? एका गरीब, हिणवल्या गेलेल्या समाजाची भाषा मोठ्या शब्दकोशांनी नीट ऐकलीच नाही, ही कॅसिडी यांची तक्रार सहज झटकून टाकण्यासारखी नाही. प्रश्न चांगला, तळमळ खरी. गडबड पुढे आहे.

ती सांगण्याआधी माझीच एक फजिती सांगते. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी वनस्पतींचे अर्क जिवाणूंवर तपासत होते. अर्क इथेनॉलमध्ये काढलेले, त्यात भिजवलेल्या कागदी डिस्क प्लेटवर ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी डिस्कभोवती स्वच्छ वलय दिसतंय का ते बघायचं. वलय दिसलं, म्हणजे तिथे जिवाणू वाढले नाहीत. मला एका मागोमाग एक वलयं मिळत गेली. मी फोटो घेऊन धावत मॅडमकडे गेले. मॅडमनी फोटो बघितले आणि एवढंच विचारलं, “अगं, नुसत्या इथेनॉलची डिस्क कुठंय?” ती मी ठेवलीच नव्हती. ठेवली, तर तिच्याभोवतीही वलय. डिस्क नीट वाळल्या नव्हत्या, माझं अर्धं यश इथेनॉलचं होतं.

कॅसिडी यांचं पुस्तक दुसऱ्यांदा हातात घेतलं तेव्हा मॅडमचा तोच प्रश्न आठवला. यांची इथेनॉलची डिस्क कुठंय?

व्युत्पत्तीत असा कंट्रोल लावता येतो का? येतो, आणि अगदी सोपा आहे. जिचा या शब्दांशी काही संबंध असणं जवळजवळ अशक्य, अशी एखादी भाषा घ्यायची आणि कॅसिडी यांची पद्धत तशीच्या तशी तिला लावायची. मी मराठी घेतली. एका संध्याकाळी मोल्सवर्थचा कोश आणि चहा घेऊन बसले. हे बघा काय मिळालं.

‘बलोनी’, म्हणजे पोकळ बडबड : मराठी ‘बोलणी’. व्यंजनं तीच, क्रम तोच, अर्थ शेजारचा. कॅसिडी यांच्या ‘खुळ्या तोंडा’पेक्षा जवळचा.

‘जॅझ’ हा शब्द १९१० च्या दशकात ‘जोम, उत्साह’ अशा अर्थाने वापरला जायचा : मराठी ‘जोश’. याहून चांगलं काय हवं?

‘पोकर’, म्हणजे हातात काही नसताना असल्याचा आव आणण्याचा खेळ : मराठी ‘पोकळ’.

‘ड्यूड’ : मराठी ‘दादा’. हे तर सांगायलाही नको.

आणि शब्द तिकडे गेले कसे? भारतीय लास्कर, म्हणजे जहाजांवरचे खलाशी, जगभरच्या बंदरांत जात होते, हा तर खरा इतिहास आहे. त्यात कोकणातली माणसंही होती. झालं. चार शब्द, एक मार्ग, आणि हवी असेल तर वर एक तक्रार : इंग्रजी कोशकारांनी मराठीची दखलच घेतली नाही. आणखी चार संध्याकाळी बसले असते तर माझंही पुस्तक झालं असतं. ‘जोश’ मुळात फारसी, हे सांगायचं टाळलं की बास.

हे चारही संबंध खोटे आहेत. आणि तरीही ते कॅसिडी यांच्या पुस्तकातल्या नोंदींइतकेच पटतात. याचा अर्थ त्यांची प्रत्येक नोंद चूक आहे असा होत नाही. अर्थ एवढाच होतो की ही पद्धत खऱ्या आणि खोट्या नात्यात फरक करूच शकत नाही. नुसत्या इथेनॉलच्या डिस्कभोवतीही वलय येतंय.

असं का होतं, याचं थोडं गणित करू. आकडे कल्पित आहेत, पण मुद्दा समजायला पुरेसे आहेत. समजा, आपल्या शब्दासारखे ऐकू येतील असे दहा शब्द दुसऱ्या भाषेच्या कोशात सापडतात. समजा, त्यातल्या प्रत्येकाचा अर्थ निव्वळ योगायोगाने ‘जवळचा’ वाटण्याची शक्यता शंभरात दोन. मग निदान एक तरी जोडी जुळण्याची शक्यता किती? एकही न जुळण्याची शक्यता ०.९८ चा दहावा घात, म्हणजे ०.८२ च्या आसपास. म्हणजे जुळण्याची १८ टक्के. फार नाही. पण आता सूट वाढवा. एका शब्दाऐवजी दोन-तीन शब्दांचे तुकडे चालतील, उच्चार कुठल्याही बोलीतला चालेल, कोशातला चौथा-पाचवा दुर्मीळ अर्थही चालेल. उमेदवार दहाचे शंभर झाले. जुळण्याची शक्यता थेट ८७ टक्के. आणि तुमच्याकडे ‘मूळ अज्ञात’ असलेले शेकडो शब्द असतील, तर शेकडो यशस्वी उदाहरणं मिळणारच. ती मिळाली नसती तरच आश्चर्य!

कॅसिडी नेमकी हीच सूट घेतात. ‘बेल ओना’ किंवा ‘सकर’साठी दिलेलं ‘साख ऊर’ असे तुकडे कोशातले सुटे शब्द एकत्र आणून बनवलेले आहेत. आयरिश माणसं खरोखर असं बोलत होती, असं दाखवणारा उतारा, पत्र, लोककथा, गाणं काहीच समोर येत नाही. आयरिश जाणणाऱ्या टीकाकारांनी बोट ठेवलं ते मुख्यतः यावरच. त्यातही ‘सकर’ला बाहेरून आणायची गरजच नव्हती. इंग्रजीत ‘सक’ म्हणजे चोखणं, ‘सकर’ म्हणजे दूधपितं पोर आणि त्यावरून भोळसट, सहज फसणारा माणूस. घरातच सरळ वाट असताना शेजारच्या गावाहून रस्ता काढलाय.

तारखा बघितल्या की आणखी पंचाईत. दुष्काळातलं स्थलांतर १८४० च्या दशकातलं. ‘बलोनी’ बकवास या अर्थाने दिसतो १९२० च्या दशकात, आणि त्याचा संबंध सहसा ‘बोलोन्या’ या इटालियन शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सॉसेजशी लावला जातो. ‘स्कॅम’ छापील स्वरूपात सापडतो थेट १९६० च्या दशकात. मधली शंभर वर्षं हा शब्द कुणाच्या तोंडात होता? एखादा शब्द बोलीत राहतो आणि छापला जात नाही, हे होतं. पण इतक्या शब्दांबाबत एकदमच झालं, असं मानायचं असेल तर त्याचा काहीतरी माग दाखवावा लागतो.

‘डिग’ची गोष्ट तर शिकवायलाच हवी अशी आहे. आयरिश ‘तिग’ म्हणजे समजणं, म्हणून ‘डिग’ आयरिश. छान. पण डेव्हिड डॅल्बी या अभ्यासकाने याच ‘डिग’चा उगम पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेत दाखवला होता. तिथे ‘देग’ म्हणजे ऐकणं, समजणं. ‘डिग’ हा शब्द आफ्रिकन-अमेरिकन संगीतकारांच्या बोलीतून पुढे आला, त्यामुळे तो मार्ग ऐकायला जास्त बरा वाटतो. पण बघा, एकाच शब्दावर दोन भाषा तितक्याच विश्वासाने हक्क सांगतायत. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. म्हणजे निदान एक साम्य तरी शुद्ध योगायोग आहे, आणि साम्याकडे बघून तो कुठला ते सांगता येत नाही.

मग ठरवायचं कसं? व्युत्पत्ती म्हणजे अंदाजपंचे कारभार असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज दूर करते. युरोपीय भाषांच्या तुलनेचं शास्त्र दोनशे वर्षं जुनं आहे आणि त्याचा पहिला धडाच ‘दिसण्यावर जाऊ नका’ हा आहे.

लॅटिन ‘हाबेरे’ म्हणजे जवळ असणं, जर्मन ‘हाबेन’ म्हणजेही जवळ असणं. जुळे भाऊ वाटतात. नात्याने कुणीच नाहीत. कारण मूळ भाषेतला ‘क’ जर्मन शाखेत ‘ह’ होतो आणि लॅटिनमध्ये ‘क’च राहतो. म्हणून जर्मन ‘हाबेन’चा खरा भाऊ आहे लॅटिन ‘कापेरे’, म्हणजे पकडणं. लॅटिन ‘दिएस’ आणि इंग्रजी ‘डे’ दोन्ही म्हणजे दिवस, तरी नातं नाही. लॅटिन ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ यायला हवा : ‘दुओ’ला ‘टू’, ‘देकेम’ला ‘टेन’, ‘देन्स’ला ‘टूथ’. ‘दिएस’चा इंग्रजी नातलग सापडतो तो ‘ट्यूजडे’मध्ये लपलेल्या ‘टिव’ या जुन्या देवाच्या नावात. स्पॅनिश ‘मुचो’ आणि इंग्रजी ‘मच’ यांचंही तेच. पहिला लॅटिन ‘मुल्तुम’वरून आला, दुसरा आपल्या ‘महत्’च्या कुळातला.

आणि उलट बाजूला, इंग्रजी ‘व्हील’ आणि आपलं ‘चाक’ यांच्यात दिसायला एक अक्षर सारखं नाही. पण ‘व्हील’चं जुनं इंग्रजी रूप, ग्रीक ‘कुक्लोस’, संस्कृत ‘चक्र’ असे टप्पे लावले, की प्रत्येक बदल नियमाने समजावता येतो आणि तेच नियम इतर शेकडो शब्दांनाही लागू पडतात. डेन्मार्कचे रास्क यांनी १८१८ मध्ये आणि जर्मनीचे याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हे बदल मांडले. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या नात्याबद्दल बोलताना भर दिला होता तोसुद्धा क्रियापदांच्या धातूंवर आणि व्याकरणाच्या रूपांवर. शब्द सुटा उचलता येतो, अख्खी व्यवस्था योगायोगाने जुळत नाही.

आता यावर कुणी म्हणेल, आयरिश शब्द इंग्रजीत आले असतील तर ते उसने शब्द आहेत, तिथे ग्रिमचा नियम कसा लावणार? बरोबर. उसन्या शब्दाला वेगळी कसोटी लागते. पण लागते. ती कशी असते ते बघायला एक खरा आयरिश शब्द घेऊ. इंग्रजी ‘फोनी’, म्हणजे नकली, बनावट.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये ठगांची एक युक्ती होती. पितळेची अंगठी सोन्याचा मुलामा देऊन रस्त्यात टाकायची, सावज जवळ आलं की त्याच्यादेखत उचलायची आणि ‘सापडलीय, अर्ध्या किमतीत घेता का?’ म्हणून गळ्यात मारायची. या युक्तीला चोरांच्या बोलीत ‘फॉनी रिग’ म्हणायचे. फ्रान्सिस ग्रोस यांच्या बोलीभाषेच्या कोशाच्या १८११ च्या आवृत्तीत तिचं वर्णन आहे. ‘फॉनी’ म्हणजे अंगठी, आणि आयरिशमध्ये अंगठीला शब्द आहे ‘फॉन्ये’. पुढे अंगठीची ‘फॉनी’ मागे पडली आणि नकलीपणाची ‘फोनी’ उरली.

इथे काय काय आहे ते मोजा. शब्दाचं जुनं रूप आहे. ते मूळ अर्थानेच वापरलेलं आहे, म्हणजे अंगठी. आयरिश शब्द साधा, रोजच्या वापरातला आहे, जुळवून बनवलेला नाही. बोलणारे कोण, गाव कुठलं, धंदा काय, सगळं माहीत आहे. आणि अर्थ अंगठीपासून नकलीपर्यंत कसा सरकला, त्याची पायरी कागदावर आहे. कॅसिडी यांच्या नोंदींच्या शेजारी ही नोंद ठेवली की व्यत्यास आपोआप दिसतो. ‘पोकर’लाही असाच सांगाडा सापडतो : फ्रेंच ‘पोक’ आणि जर्मन ‘पोखन’ ही सारखी दिसणारी नावं पत्त्यांच्या पैजेच्या खेळांचीच आहेत, आणि पोकर वाढला तो १८०३ पर्यंत फ्रेंच-स्पॅनिश हातात असलेल्या न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात. खिशापेक्षा हे कितीतरी बळकट.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. या पुस्तकाने आयरिशचीच बाजू कमकुवत केली. ‘गलोर’ म्हणजे भरपूर, ‘बॅन्शी’, ‘व्हिस्की’, अगदी ब्रिटिश राजकारणातला ‘टोरी’ हे सगळे खरोखर गॅलिक भाषांतून आलेले. पण सारखं ‘हेही आमचं, तेही आमचं’ म्हटलं की खऱ्या नोंदीकडेही लोक संशयाने बघू लागतात. शिवाय शोध चुकीच्या खोलीत झाला. हिणवल्या गेलेल्या भाषेचा ठसा पुष्कळदा शब्दांत नाही, वाक्यरचनेत राहतो. आयर्लंडमधलं इंग्रजी ऐका. ‘मी आत्ताच जेवलोय’ हे सांगायला तिथला माणूस ‘मी जेवणानंतर आहे’ अशा ढंगाचं इंग्रजी बोलतो, कारण आयरिशमध्ये ते तसंच म्हणतात. आयरिश भाषा हरवली नाही, ती इंग्रजीच्या हाडात जाऊन बसली. कॅसिडी यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायचं तर तिथून सुरुवात करता आली असती.

आपल्याकडे हा आजार नाही असं समजू नका. पु. ना. ओक यांनी ‘व्हॅटिकन’ म्हणजे ‘वाटिका’ आणि ‘ख्रिश्चनिटी’ म्हणजे ‘कृष्णनीती’ असं लिहिलं, आणि ते अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतं. ‘व्हॅटिकन’ हे रोमजवळच्या टेकडीचं आणि परिसराचं नाव ख्रिस्तपूर्व लॅटिन लेखनातही आहे, चर्च नंतरचं. ‘ख्रिस्तोस’ ग्रीकमध्ये ‘अभिषेक केलेला’, आणि ते हिब्रू ‘मशीहा’चं सरळ भाषांतर आहे. आयर्लंडचा अभिमान असो की आपला, पद्धत एकच : निष्कर्ष आधी, कोश नंतर.

मग कॅसिडींचं पुस्तक वाचावं का? वाचा. प्रश्न विचारण्याची हिंमत शिकायला वाचा. आणि वाचताना प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने चार गोष्टी लिहा : सर्वात जुना पुरावा कधीचा, मूळ भाषेत हे खरंच कुणी बोलत होतं का, शब्द कुणाच्या तोंडून कुठे गेला, आणि हाती लागलेली ही एक जोडी मिळवायला किती जोड्या तपासल्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर या पुस्तकात कुठेच नाही. न जुळलेल्या शब्दांची यादी त्यात नाही.

तुमच्या प्रपोजलमध्ये ती ठेवा. जे जमलं नाही त्याचा आकडा लिहा. कमिटीसमोर तो वाचताना लाज वाटेल, मलाही वाटली होती. पण नुसत्या इथेनॉलची डिस्क ठेवल्यावर माझ्या प्लेटवर जी थोडी वलयं तिच्यापेक्षा मोठी उरली, त्यांच्यावरच आज माझा थीसिस उभा आहे.